नुसतं वाजायचं केवढ्याला?

जत तालुक्यातल्या एका गावाने व्याख्यानमालेसाठी मला बोलावलं, तेव्हा विषय त्यांनीच ठरवून पाठवला होता: ‘स्वस्त डेटा: भारत आणि जग’. मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. एवढ्या पात्रतेवर माणसाला कुठल्याही विषयावर बोलायला बोलावतात, आणि तोही निमूट जातो. मानधन म्हणून शाल, श्रीफळ आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल. अशा सतरा शाली माझ्या कपाटात आहेत. वाईच्या थंडीत त्यातली एकही उपयोगी पडत नाही, कारण सत्काराची शाल पांघरण्यासाठी विणलेली नसते. ती फोटो निघेपर्यंत खांद्यावर टिकावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

सोबत शशी होता. शशी माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वीस वर्षं कॅनडात आहे आणि एक हिवाळा सोडून दुसऱ्या हिवाळ्यात आमच्याकडे येतो. आल्याआल्या तो इथलं सिमकार्ड घेतो आणि पुढचे तीन दिवस भेटेल त्याला त्याचा भाव सांगत सुटतो. “दाजी, एवढ्या पैशात तिकडे चार दिवस निघत नाहीत!” हे तो अशा आनंदाने सांगतो, की कुणाला वाटावं याला औंधच्या संस्थानिकांनी डोंगर इनाम दिला. परदेशाचे आकडे देण्यापेक्षा परदेशच गाडीत घालून न्यावा, असा विचार करून मी त्याला पुरावा म्हणून बरोबर घेतलं.

औंध

पहिल्या दिवशी औंधला मुक्काम केला. तसा तो वाटेवर नाही, पण यमाईचा डोंगर शशीला दाखवायचा होता. त्याने तो पाहिला नाही. पायथ्यापासून वरपर्यंत त्याने डोंगर फोनमध्ये उतरवला. पायऱ्या, वरची तटबंदी, देवीचं दार, खाली पसरलेली पिवळी शेतं, मध्येच धापा टाकणारा मी, हे सगळं त्याने बायकोला थेट दाखवायला घेतलं. बायको तिकडे गाढ झोपली होती. मग त्याने ते तिच्यासाठी साठवून ठेवलं आणि ती उठायच्या आत आणखी तीनदा पाठवलं.

“कॅनडात असं करतोस?” मी विचारलं.

“छे. तिकडे घरी जाऊन वायफायवर पाठवतो. डेटा जपून वापरावा लागतो.”

“म्हणजे तिकडचे डोंगर तू निदान बघतोस.”

त्याला ते पटलं असावं, कारण उतरताना फोन त्याने खिशात ठेवला. तीन पायऱ्या उतरेपर्यंत.

संध्याकाळी एका खानावळीत बसलो. ज्वारीची भाकरी, तव्यावर रगडलेला खर्डा, पातळ आमटी, कांदा. खर्डा इतका जिवंत होता, की शशीच्या डोळ्यांतून आलेलं पाणी मायदेशाच्या ओढीचं नव्हतं हे मी खात्रीने सांगतो. भोवतालच्या चारही टेबलांवर प्रत्येकाने तांब्याला फोन टेकवून उभा केला होता आणि चार वेगवेगळी गाणी एकाच वेळी चालू होती. खानावळ चालवणाऱ्या बाई भाकरी वाढायला आल्या, तेव्हा मी त्यांना या गोंगाटाबद्दल विचारलं.

“आवं, बरंय की,” त्या म्हणाल्या. “आधी गिऱ्हाईक आमटीला नावं ठेवायचं. आता काय खाल्लं तेच त्याला ठावं नसतं. वाढेल ते गिळतंय.”

वस्तू अतिस्वस्त झाली की काय होतं, यावर मी वर्गात पंचेचाळीस मिनिटं घेत असे.

माण

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दहिवडीहून म्हसवडकडे निघालो. सरळ रस्ता होता. पण शशीच्या फोनमधल्या नकाशाने त्याला नऊ मिनिटं वाचवून देणारी आडवाट दाखवली. माणात नऊ मिनिटं वाचवून माणूस त्यांचं काय करणार हा प्रश्न मी विचारला नाही, ही माझी चूक. माळरान लागलं, बोरीबाभळी लागल्या, मग रेंज गेली. नकाशावरचा निळा ठिपका जागच्या जागी उभा राहिला, आणि पाचच मिनिटांत गाडीही. बॉनेटमधून वाफ येत होती.

समोर दगडमातीचं, पत्र्याचं एक घर होतं. बाजूला काट्यांच्या कुंपणात शेरडं, म्हणजे शेळ्या. पाच-सहा घरांची वस्ती, पण बाकी सगळ्या घरांना कुलपं. दारात साठीची एक बाई बसली होती. हिचं नाव हौसाबाई, हे पुढे कळलं. आमच्याकडे न बघताच ती म्हणाली, “गाडी तापली जनू.”

“हो. थोडं पाणी मिळेल का?”

“प्यायला व्हय?”

“गाडीला.”

तिला हसू आलं. “गाडीला! आवं, हितं मानसाला टँकर येतो, त्योबी तीन दिसांनी. शेरडांनी तोंड घातलेली बादली हाय. चालंल का तुमच्या गाडीला?”

मी म्हटलं, चालेल, गाडी सोवळं पाळत नाही. बादली घेऊन ती आली खरी, पण गाडीपाशी येताच तिने हात पुढे करून बॉनेटची कड चाचपली. तेव्हा लक्षात आलं, की मघाशी तिने गाडी पाहिली नव्हती, ऐकली होती.

“एक डोळा पार गेलाय,” ती म्हणाली. “दुसऱ्यात धुकं हाय. मोतीबिंदू. तुमी पन साठीचं दिसताय आवाजावरनं. त्यो दुसरा बारीक हाय, पर तो हितला न्हाई.”

शशी पुण्यात जन्मला आणि त्याला आपल्या मराठीचा फार अभिमान आहे.

तापलेल्या गाडीत लगेच पाणी ओतता येत नाही. तास-दीड तास थांबणं भाग होतं. हौसाबाईने चुलीवरचं हुलग्याचं माडगं वाट्यांत ओतून दिलं. हुलगा म्हणजे कुळीथ. त्याच्या पिठाची ही गरम, तिखट पेज. शशी दोन वाट्या प्यायला आणि कॅनडात अशा सूपला किती डॉलर पडतात हे त्याने सांगितलं. बाकीची वस्ती कुठे आहे, असं मी विचारलं. मेंढरं घेऊन खाली गेलीत, पावसाळ्याच्या तोंडावर परततील, असं कळलं. मुलगा मुंबईला. तो दर रविवारी फोन करतो.

“तुमास्नी फोनमधलं कळतं का?” तिने एकदम विचारलं.

मी छाती जरा पुढे काढली. उद्या मी याच विषयावर व्याख्यान देणार होतो.

बाभळीच्या फांदीला एक कापडी पिशवी लटकत होती. त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बटणांचा छोटा फोन. हिच्या कंपनीची रेंज त्या झाडापुरती येते. घरात नाही, गोठ्यात नाही. हौसाबाई अंदाजाने एक बटण दाबून फोन माझ्या कानाला लावत म्हणाली, “ही बया काय म्हनती तेवढं सांगा. चार दिस झालं. पोराला लावाय गेलं की हीच बोलाय लागती. मेलेल्या नवऱ्यानं एवढं टोकलं नव्हतं मला.”

बया शुद्ध हिंदीत सांगत होती, की आपल्या पॅकची मुदत संपली आहे आणि सेवा चालू ठेवण्यासाठी त्वरित रिचार्ज करावा. मी मराठीत सांगितलं.

“आन बाहेरनं आलेला वाजंल का?”

“आज-उद्या तेही बंद होईल.”

ती वाटी खाली ठेवून उठली. घरातून तिने एक पिवळं कार्ड आणलं. सांगलीकडच्या एका धर्मादाय दवाखान्याचं. सुगीच्या आधी शिबिरात तिचे डोळे तपासले होते आणि फुकट ऑपरेशनच्या यादीत नाव घातलं होतं. दवाखाना फोन करणार, फोन उचलला की न्यायला गाडी येणार.

“शुक्रवारपतुर येनार म्हनलेत. उचलला न्हाई तर म्होरल्याचं नाव घेत्यात. मागल्या बारीला मी शेरडामागं व्हते, फोन हितं झाडाला वाजून वाजून गप झाला. सा महिनं गेलं त्यात. तवा दोन्ही डोळ्यांनी थोडं दिसत व्हतं.” मग शेरडांकडे तोंड करून ती म्हणाली, “आता ही वासावरनं वळखतीया. ह्या बारीला चुकलं तर इकावीच लागतील समदी. आंधळ्यानं शेरडं कशी राखायची?”

एरवी म्हसवडचा दुकानदार रिचार्ज मारून देतो, पण त्याच्या लेकीचं लग्न निघालं आणि दुकान आठवडाभर बंद. मुलाचा फोन रविवारी. आज बुधवार.

शशीने कार्डावरचा दवाखान्याचा नंबर पाहिला आणि तो समोरच्या टेकडीवर गेला, कारण आमच्या कंपन्यांची रेंज तिथे होती. दहा मिनिटांनी तो परत आला. सनई ऐकू येते, मध्ये मध्ये ‘आपण रांगेत आहात’ असं म्हणतात, आणि मग कट.

“ते उचलत न्हाईत,” हौसाबाई म्हणाली. “तेच लावत्यात.”

मी विचारलं, दर वेळी केवढ्याचं रिचार्ज मारता? तिने आकडा सांगितला. शशीचे डोळे चमकले. “म्हणजे रोजचा दीड जीबी, दाजी! अठ्ठावीस दिवस! पर जीबी काढा बघू. जगात कुठे...”

“जीबी म्हंजे?” हौसाबाईने विचारलं.

शशीने समजावून सांगितलं, की दीड जीबीत रोज एक-दोन सिनेमे बघता येतात.

“ह्या फोनात शिनेमा दिसतो?”

“नाही.”

“आन दिसला आसता तर बगनार कशानं?”

माझ्या पिशवीत जगातल्या देशांचा एक सुरेख तक्ता होता, स्वस्ताकडून महागाकडे लावलेला, आणि आपण त्यात अगदी वर होतो. तो खोटा नव्हता. पण समोरच्या बाईला पेलाभर ताक हवं होतं, आणि आपण तिच्या दारात रोज सकाळी म्हैस आणून बांधत होतो. संध्याकाळी तिला हात न लावता परत नेत होतो, आणि म्हैस किती स्वस्तात दिली म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो.

“नुसत्या बोलण्याचा पॅकही असतो बरं का,” शशी जरा ओशाळून म्हणाला. “शोधावा लागतो.”

तो मारायचं ठरलं. नंबर?

“पाठ न्हाई. भितीवर हाय.”

दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर कोळशाने एकाखाली एक पाच नंबर लिहिलेले होते. नावं नव्हती, नावांची गरज नव्हती, कुठला कुणाचा हे जागेवरून ठरलेलं, आणि ती जागा फक्त हौसाबाईला ठाऊक. टँकरवाला, जनावरांचा डॉक्टर, मुलगा, बोकड विकत घेणारा व्यापारी आणि ती स्वतः. हौसाबाईने भिंतीवरून हात फिरवला आणि बोट टेकवलं. “ह्यो बगा. माजा.” बोट वरून तिसऱ्या नंबरावर होतं.

मी तो नंबर व्याख्यानाच्या कागदामागे उतरवून घेतला. टेकडी चढलो. नुसत्या बोलण्याचा पॅक यादीच्या अगदी तळाशी होता, चोरून ठेवल्यासारखा, आणि तो एकदम तीन महिन्यांचा घ्यावा लागत होता. मी पैसे भरले. पडद्यावर मोठी हिरवी बरोबरची खूण उमटली, वर झेंडूच्या रंगाचे कागदी तुकडे उडाले. टेकडीवरूनच मी ओरडलो, “झालं!” खालून हौसाबाईने हात वर केला.

ती पैसे द्यायला लागली. मी म्हटलं, गाडीला पाणी दिलंत ना. निघताना मी माझं कार्ड दिलं, ज्यावर माझ्या पदव्या नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात आहेत. डोळा झाला की कळवा, म्हटलं.

“मिस काल मारते,” ती म्हणाली.

आरशात बघितलं, तेव्हा ती बाभळीखाली पोतं अंथरून बसत होती. आता शुक्रवारपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.

जत

गुरुवारी आटपाडीवरून खाली उतरत जतकडे गेलो. माती फिकट होत जाते, पाट्यांवर मराठीखाली गोल गोल कन्नड अक्षरं दिसू लागतात आणि चहावाला हिशेब एका भाषेत करून सुटे दुसऱ्या भाषेत देतो. गावात जेवणाला कडक भाकरी होती, पापडासारखी मोडणारी, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. ही भाकरी महिनाभर टिकते असं यजमानांनी सांगितलं. शशीने लगेच दोन डझन बांधून मागितल्या. आपल्या प्रदेशाचं सगळं टिकाऊपण त्याला पर किलो आवडतं.

व्याख्यान संध्याकाळी सहाला होतं. सात वाजेपर्यंत आम्ही एकमेकांचं स्वागत करत होतो. व्यासपीठामागच्या फलकावर तेवीस चेहरे होते, त्यात माझा उजवीकडून शेवटचा. विषयाचं नाव त्याहून बारीक. अध्यक्षांनी शशीची ओळख ‘कॅनडाहून खास या कार्यक्रमासाठी आलेले’ अशी करून दिली, आणि शशीने मान लववून ते मान्य केलं. मग मला बोलायला दिलं.

मी तक्ता वाचला. अमुक देशात इतकं, तमुक देशात तितकं, आणि आपल्याकडे रोज दोन सिनेमे चहाच्या भावात. टाळ्या पडल्या. स्वतःच्या देशाला एखाद्या यादीत वर बघून टाळ्या वाजवणं सोपं असतं. माझंही मन भरून येत होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारे उठले. डोक्याला मळका पटका, खांद्यावर घोंगडी. मल्लाप्पा, मेंढपाळ, असं शेजारच्याने ओळख करून देताना सांगितलं.

“सायेब, एक इचारू का री?” ते म्हणाले. “शिनेमाचा भाव कळला. नुसतं वाजायचं केवढ्याला?”

“म्हणजे?”

“मी न्हाई कुनाला फोन करत. मला बी कवातरीच येतो. पर आला तर वाजाय पायजे. त्या भायेरच्या देशात नुसतं वाजायला काय पडतं?”

माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. मी शशीकडे बघितलं. शशी उभा राहिला, आणि त्या संध्याकाळचं खरं व्याख्यान त्याने दोन मिनिटांत दिलं. त्याच्या शेजारी एक एकटी म्हातारी राहते, तो म्हणाला. तिकडचा डेटा ऐकला तर तुम्ही मला वेड्यात काढाल, इतका महाग. माझं महिन्याचं बिल बघून मलाच घाम येतो. पण ती म्हातारी वर्षातून एकदा दुकानात जाते, एकदाच पैसे भरते, आणि वर्षभर तिचा फोन वाजतो. तिला कुणी सिनेमे देत नाही. ती मागतही नाही.

“तिच्या मिळकतीच्या मानानं?” मल्लाप्पांनी विचारलं.

शशीने मनात हिशेब केला. “जाणवत नाही तिला.”

“मग आमास्नी जानवतं,” म्हणून मल्लाप्पा खाली बसले. मागे कुणीतरी “हौदु, हौदु” म्हणालं. कन्नडमधलं हे ‘हो’ सभेत टाळीपेक्षा जास्त ऐकू येतं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्या हातात ध्वनिक्षेपक होता आणि सभा माझ्या हातातून निसटत होती. मी म्हटलं, कालच मी माणात अशाच एका हौसाबाईंना नुसत्या वाजण्याचा पॅक करून दिला. मग बादली, बाभळ, पिवळं कार्ड, शुक्रवारची मुदत, सगळं सांगितलं. माझ्या थोर मनाबद्दल काही बोललो नाही, पण ते ऐकू येईल अशी व्यवस्था केली. आणि शेवटी, कळस चढवावा म्हणून, म्हटलं, “आपण त्यांनाच विचारू या!” कागदामागचा नंबर लावला आणि फोन ध्वनिक्षेपकासमोर धरला.

दोनदा वाजला. उचलला गेला.

“बोला,” एक दणदणीत पुरुषी आवाज सभामंडपात घुमला. “बोकड हाय का शेळी?”

सभा खदखदून हसली.

“हौसाबाई आहेत का?” मी क्षीणपणे विचारलं.

“हौसाक्का? आवं, मी बोकडाचा व्यापारी. तिचा न्हाई हा नंबर. तिच्या भितीवर हाय माझाबी, त्येच्यातनं घेतला जनू तुमी? काल कुन्या देवमानसानं मला तीन महिन्यांचं रिचार्ज मारलंय बगा. कोन ते कळंना. बायकोला संशव यायला लागलाय.”

मला हसू आलं नाही. डोळ्यांसमोर ती भिंत आली, आणि धुक्यातून चाचपत एक ओळ वर टेकलेलं बोट. जो डोळा बरा व्हावा म्हणून ही सगळी खटपट होती, त्यानेच मला चुकीचा नंबर दिला होता. तिचं सोडा. मी दोन्ही डोळ्यांचा, पदव्यांचा माणूस. टेकडीवर उभा राहून एक मिस कॉल देऊन बघायची अक्कल मला सुचली नाही, कारण मी हिरव्या खुणेवर खूश होतो.

“तुमच्याकडे तिचा नंबर आहे?”

“हाय की. पर लागत न्हाई. सकाळधरनं तीनदा लावला, बोकड द्यायचा हाय का म्हनून. बंद म्हनती ती बया.”

म्हणजे बाहेरून येणारंही बंद झालं होतं. उद्या शुक्रवार. आणि ती झाडाखाली पोतं अंथरून बसली होती, माझ्या ‘झालं!’वर भरवसा ठेवून.

माझा चेहरा बघून सभेचं हसणं थांबलं असावं. “सांगा नंबर,” तिसऱ्या रांगेतून एकजण उभा राहून म्हणाला. हा इराप्पा, गावातला मोबाईल दुकानदार. व्यापाऱ्याने फोनवरून एकेक आकडा सांगितला, मी तो ध्वनिक्षेपकात मोठ्याने म्हटला, सभेने माझ्यामागे म्हटला. शाळेत पाढे म्हणतात तसा. शशीने तो दोनदा परत म्हणून घेतला. इराप्पाने विचारलं, “कंचा पॅक?”

“नुसतं वाजायचा,” मल्लाप्पा म्हणाले.

मी तिथेच त्याचे पैसे चुकते केले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, कारण अजून त्यांचं समारोपाचं भाषण व्हायचं होतं. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. इराप्पा म्हणाला, झालं. पण या वेळी ‘झालं’वर माझा विश्वास नव्हता. मी नंबर लावला. बया. पुन्हा लावला. बयाच. पाच मिनिटं सगळा मंडप एका बाईच्या ध्वनिमुद्रित हिंदीकडे कान लावून बसला होता. माझ्या तक्त्याला एवढं लक्ष मिळालं नव्हतं. सहाव्या खेपेला बया गेली आणि घंटा वाजू लागली.

“कोन?” तोच आवाज. मागे शेरडं ओरडत होती. “दवाखाना का?”

“नाही, नाही, हौसाबाई. मी कालचा. गाडीवाला.”

“मग ठिवा की फोन! लाईन आडवू नगासा. त्यांचा आत्ता यील.”

आणि कट.

आयुष्यात मी बरीच व्याख्यानं दिली, पण एवढ्या टाळ्या माझ्या बोलण्याला कधी पडल्या नाहीत. मी तक्ता घडी करून खिशात घातला. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं, की प्राध्यापकसाहेबांनी प्रात्यक्षिकासह विषय अत्यंत प्रभावीपणे मांडला. मग शाल. अठरावी.

परत वाई

शुक्रवारी सांगलीवरून परतलो. दिवसभर मी शशीला फोन करू दिला नाही. हौसाबाईची लाईन अडेल म्हणून नव्हे, माझाच फोन मोकळा असावा म्हणून. तो वाजला नाही. शनिवार, रविवार गेले. शशी म्हणत होता, लावून विचारू. मी म्हणत होतो, नको. कळवते म्हणालीय. खरं म्हणजे उत्तर काय येईल याची मला भीती वाटत होती.

मग दोनच दिवसांनी शशी परत गेला. विमानतळावर त्याने इथलं सिम काढून कडक भाकऱ्यांच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाला, “दाजी, तिकडे महाग आहे, इथे स्वस्त आहे, हे खरंच आहे ना?” मी म्हटलं, “तुला आणि मला.” शाल त्याला दिली. तिकडे थंडी खरी असते. शाल कामाची आहे का, ते तरी कळेल.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. अनोळखी नंबर नव्हता. जतच्या मंडपात तो मला अख्ख्या गावाने पाठ करून दिला होता. मिस कॉल आला की उलट लावायचा, ही रीत. मी लावला.

“शुक्करवारी दुपारच्याला आला,” हौसाबाईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “पयल्या वाजन्याला उचलला बगा. आईतवारी ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिशी पट्टी सुटली.”

“दिसतंय?”

“समदं दिसतंय. घर किती घान हाय ते बी दिसतंय. पोरगा आलाय मुंबईसनं, त्येच्याकडनं भित सारवून घेतली, नंबर बी नव्यानं लिवून घेतलं.” मग थोडं हसून, “तुमचं कार्ड शेरडानं खाल्लं. पर नंबर तेच्या आधीच लिवून घेतलाय.”

मी म्हटलं, आता निवांत बोला, तुमच्या पॅकमध्ये बोलणं कितीही फुकट आहे, तुम्हीच सरळ फोन केला असता तरी चाललं असतं.

“आसंल,” ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. जे अमर्याद आणि फुकट देतात त्यांच्याबद्दल तिचं मत एवढ्या दिवसांत बनलेलं होतं, आणि मी ते खोडू शकलो नाही.

“भिंतीवर माझा नंबर कुठे लिहिलाय?” मी विचारलं.

“बोकडवाल्याच्या वर. वरनं तिसरा.” ती भिंतीकडे बघत असावी. “आता बोट चुकायचं न्हाई.”